पारोळ्यापर्यंत

ते दोन हजार चोवीस साल. माघ महिना, उतरती दुपार. मेहरूणच्या मंगल कार्यालयाबाहेर नवरी गाडीत बसली होती आणि गाडी नुसती टिंग टिंग करत उभी होती.

"आबा, पट्टा," मागून मृणाली म्हणाली.

"मी लावा ना पट्टा," हे म्हणाले आणि छातीवरचा पट्टा ओढून दाखवला. "तुन्ही आजीनी लावा. जावईबापूंनी लावा. आते काय हिना बोनेटले लावू?"

जावई योगराज मागे मृणालीजवळ अंग चोरून बसले होते. वीज मंडळात इंजिनियर, मोठे शांत गृहस्थ. त्यांनी दोघांच्या मधल्या सीटवर ठेवलेल्या लाडवांच्या डब्याकडे पाहिलं. शिदोरीचा डबा तो, चांगला जड. त्यांनी मधला पट्टा ओढून डब्यावरून नेला आणि खटकन लावला. टिंग टिंग बंद झालं.

"लाडवांना पट्टा!" मृणाली हसली. तासभर रडून तिचे डोळे सुजले होते, त्या दिवशी ती पहिल्यांदा तेव्हा हसली.

मृणाली आमची नात, मुलाची, म्हणजे हितेंद्रची मुलगी. लग्न जळगावला, सासर धुळ्याला. मी पाठराखीण म्हणून पुढच्या सीटवर, आणि गाडी चालवायला माझे यजमान पितांबर. गाडी हितेंद्रने दिवाळीत घेतलेली. पण नवरीला आबाच नेणार, हे मृणाली पाच वर्षांची असताना ठरलेलं होतं.

ह्यांचं सगळं आयुष्य नवरीच्या गाडीवर गेलं. आधी एका मालकाकडे, मग स्वतःची पांढरी ॲम्बेसेडर. लग्नसराईत ती झेंडूच्या माळांनी झाकून जायची. खानदेशातलं एक गाव नसेल, जिथून ह्यांनी मुलगी सासरी नेली नाही. माझं लग्न झालं तेव्हा तर नवरदेवही हेच आणि ड्रायव्हरही हेच. मालकाने गाडी दिली, पण दुसरा ड्रायव्हर दिला नाही. ह्यांनी बाशिंग काढून माझ्या मांडीवर ठेवलं आणि दोंडाईच्यापासून स्वतः गाडी हाकली. रस्ताभर मी एका हाताने डोळे पुसत होते आणि दुसऱ्या हाताने बाशिंग सांभाळत होते.

मृणाली लहानपणी त्याच ॲम्बेसेडरच्या मागच्या सीटवर माझी जुनी साडी डोक्यावर घेऊन बसायची. "आबा, मला सासरी न्या." हे अंगणातल्या उभ्या गाडीत बसून तोंडाने हॉर्न वाजवायचे. पुढे ती गाडी विकली. पण शब्द गाडीचा थोडाच होता, तो ह्यांचा होता.

नव्या गाडीचं आणि ह्यांचं पहिल्या दिवसापासून बिनसलं होतं. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्याला चाक लागलं की ती स्टीयरिंग मागे ओढायची. मागे घ्यायला लागलं की ओरडायची. आतून एक बाई हिंदीत बोलायची. पडद्यावरची अक्षरं मृणालीने मराठी करून दिली होती, पण त्या बाईला मराठी काही आली नाही. हे तिला अक्का म्हणायचे.

"हाई अक्का तर मन्ही सासूपेक्षा जास्त बोलस," ते म्हणायचे.

"माझ्या आईला मध्ये आणू नका," मी म्हणायची. "ती बिचारी तुमच्यासमोर कधी तोंड उघडायची नाही."

"म्हणीसन तर म्हणस. हाई जास्त बोलस."

गाडी सुरू केली की पडद्यावर आधी एक ओळ यायची: पितांबरचा फोन शोधत आहे. तेही मृणालीनेच जोडून दिलेलं. ह्यांचा फोन सापडला की गाडीत आपोआप भजनं लागायची, शेजारपाजारचे दचकतील एवढ्या आवाजात. ह्यांचा फोन नसला तर ती हितेंद्रचा शोधायची.

त्या दिवशी ह्यांचा फोन घरी राहिला होता, म्हणून गाडीने हितेंद्रचा धरला होता. हितेंद्र गाडीच्या दाराशीच उभा होता, आणि त्याच्या खिशातला फोन वाजला. त्याने तो कानाला लावला.

आवाज मात्र आमच्या गाडीत आला. आमच्या मुलीचा, मोहिनीचा. ती फाटकापाशी धनसिंगच्या जीपमध्ये बसली होती. धनसिंग आमच्या गल्लीतलाच, भाड्याने गाड्या चालवणारा.

"दादा, ऐक ना," चारी बाजूंनी मोहिनी बोलायला लागली. "आबांना धुळ्यापर्यंत जाऊ देऊ नको. उन्हं समोर येतात, त्यांना संध्याकाळचं नीट दिसत नाही. परवा फाटकाला गाडी घासली, ते बोलले का तुला? नाही बोलणार. आपण पुढे जाऊन पारोळ्याला चहाला थांबू. तिथे म्हणू, आबा, तुमची साखर वाढल्यासारखी दिसते, मागे आराम करा. आणि धनसिंगला बसवू. पोरीसमोर त्यांचा अपमान नको व्हायला. दादा? ऐकतोयस ना?"

बाहेर हितेंद्र "हॅलो, हॅलो" करत होता. त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. रेंज नाही असं समजून तो फोन वर धरत जीपकडे चालत गेला, आणि गाडीतला आवाज तुटला.

जावई लाडवांच्या डब्याकडे बघत राहिले. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी टोपी नीट केली.

"पोरी," ते म्हणाले, "याना आवाज कमी कथाईन व्हस?"

मृणालीने मागून वाकून बटण दाखवलं.

बाहेर मुलं जमली. नवरीच्या गाडीला भावांनी मागून हात लावायचा आणि पुढच्या चाकाखाली नारळ ठेवायचा, ही आमची रीत. गाडीला चहूबाजूंनी माणसं दिसली आणि ती कुईकुई करायला लागली. पडदा लाल झाला.

"आबा, गाडी घाबरली!" मुलं ओरडली.

"पहिलं लगीन शे तिनं," हे म्हणाले. नारळ फुटला आणि आम्ही निघालो. धनसिंगची जीप आधीच पुढे गेली होती.

ह्यांचा एक नेम होता. नवरी बसली की गिरणा ओलांडेपर्यंत ब्रेक लावायचा नाही. ब्रेक लागला तर मुलीचं मन मागे राहतं म्हणायचे. कुठून आलं हे, कोणास ठाऊक. पण जळगावातल्या त्या गर्दीतून, गाई-म्हशी, हातगाड्या, रिक्षा चुकवत, नुसता वेग कमी-जास्त करत हे नवरी पुलापर्यंत न्यायचे. त्या दिवशीही नेली. मी श्वास धरून बसले होते. गिरणेवरचा बांभोरीचा पूल आला. पुलावर चढताना एक मोटारसायकलवाला डावीकडून आडवा घुसला, आणि गाडीने स्वतःच करकचून ब्रेक मारला. लाडू डब्यात खडखडले.

"मी पाय नही ठेवा!" हे मागे वळून म्हणाले. तोंड एवढंसं झालं होतं. "पोरी, देवाशपथ. हिनी ठेवा."

"मग तो धरायचा नाही, आबा," मृणाली म्हणाली. "तुमचा पाय नव्हता ना? झालं."

जावई पहिल्यांदा बोलले. "बरोबर आहे. यंत्राला कुठे मन असतं."

ह्यांना ते पटलं. पुलाच्या मध्यावर मी नाणं टाकलं, आणि ह्यांनी रीतीप्रमाणे दोन्ही हात जोडले. लगेच बाई बोलली, कृपया स्टीयरिंग पर हाथ रखें.

"नमस्कार तर करू दे व, अक्का," हे म्हणाले. आम्ही सगळे हसलो. मघाचं ते मोहिनीचं बोलणं जणू झालंच नव्हतं.

एरंडोल गेलं. केळीचे ट्रक, कापसाच्या गाड्या मागे पडत होत्या. हे मृणालीला गोष्टी सांगत होते: अमळनेरची नवरी वाटेत बोरं घेऊन द्या म्हणून हटून बसली ती, आणि चोपड्याच्या नवरीसोबत तिची शेळीही बसवावी लागली ती. शेकडो वेळा ऐकलेल्या गोष्टी, पण त्या दिवशी ते एक एक सावकाश सांगत होते. तेवढ्यात पडद्यावर चहाच्या कपाचं चित्र आलं. विश्रांती घ्या.

ह्यांनी त्या कपाकडे पाहिलं.

"हिले बी पारोळानी घाई शे," ते म्हणाले.

मग थोड्या वेळाने, आरशात बघत, "जावईबापू, पारोळामा काय शे? नुसती गर्दी. आपण बायपासनी सरळ धुळे जाऊ. चालीन ना?"

"तुम्ही म्हणाल तसं, आबा," जावई म्हणाले.

मोहिनीही खरं बोलत होती, आणि ह्यांचा शब्दही खरा होता. धुळे काही फार दूर राहिलं नव्हतं. मनात म्हटलं, देवी, एवढं एक लग्न पार पाड.

ऊन काचेवर सरळ यायला लागलं. समोरचा रस्ता पितळेच्या परातीसारखा झळकत होता. ह्यांनी काचेवरची झडप खाली केली, डोळे बारीक केले, पुढे सरकून बसले. मीही समोर बघत होते, पण मला त्या उन्हात काही दिसत नव्हतं.

मग गाडी किंचाळली आणि जागच्या जागी थांबली. पट्टा माझ्या खांद्यात रुतला. धूळ खाली बसली तेव्हा समोर, अगदी हाताच्या अंतरावर, कापसाच्या पऱ्हाटीने भरलेली ट्रॉली उभी होती. ना दिवा, ना लाल फडकं. पऱ्हाटीच्या काटक्या आमच्या बोनेटवर आलेल्या होत्या. ट्रॅक्टरवाला पलीकडे चाक बघत बसलेला, त्याला आमची खबरही नव्हती.

"आबा?" मृणालीचा आवाज आला.

"काही नही पोरी. काही नही झायं." मग स्टीयरिंगवर हात तसेच ठेवून, मला एकटीलाच ऐकू जाईल असं म्हणाले, "लिला, माले ट्रॉली दिसनी नही." आणि थोडं थांबून, "हिले दिसनी."

लग्नाला पन्नास वर्षं होत आली होती. चार लोकांत त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नव्हती.

त्यांनी गाडी हळूच मागे घेतली, ट्रॉलीला वळसा घातला. पुढे बायपासचा फाटा आला. बाई म्हणाली, सीधे चलें. ह्यांनी गाडी गावाकडे वळवली. यू-टर्न लें, बाई म्हणाली. पुन्हा म्हणाली.

"बस व अक्का," हे म्हणाले. "तुन्हं एक ऐकं ना आज. आते उगी ऱ्हाय."

किल्ल्याजवळच्या चहाच्या टपरीवर धनसिंगची जीप उभी होती. आम्हाला बघून हितेंद्र आणि मोहिनी पुढे आले. काय बोलायचं ते घोकून ठेवलेले चेहरे होते दोघांचे. मोहिनीने तोंड उघडायच्या आत हे खाली उतरले, धोतर झटकलं, आणि म्हणाले,

"हितेंद्र, माले साखर वाढेल सारखी वाटस. पुढे धनसिंगले बसाड."

मोहिनी घाबरली. "आबा, चक्कर येतेय का? खरंच बरं नाही का?"

"बरं शे. चहा तेवढा बिनसाखरना सांग."

तीस वर्षं साखरेचं दुखणं होतं, पण बिनसाखरेच्या चहाला त्यांनी कधी तोंड लावलं नव्हतं. त्या दिवशी ते टपरीच्या बाकावर बसून तो पूर्ण प्यायले, तोंड वाकडं न करता.

मग मृणालीच्या खिडकीशी गेले. ती ओठ दाबून बसली होती.

"गिरणा तर मीच वलांडी दिन्ही ना?" त्यांनी विचारलं.

तिने मान डोलावली. जावयांनी दार उघडलं, खाली उतरून ह्यांच्या पाया पडले, आणि आपली जागा ह्यांना दिली. स्वतः जीपमध्ये, चालवायला बसलेल्या हितेंद्रशेजारी जाऊन बसले. धुळ्यापर्यंत हे नातीजवळ बसून गेले, मध्ये पट्टा लावलेला लाडवांचा डबा. ह्यांचा उजवा पाय वळणावळणाला पुढच्या सीटखाली दाबला जात होता.

धुळ्याला औक्षण झालं. नवरी आणणाऱ्याला टॉवेल, टोपी आणि नारळ द्यायची पद्धत. व्याह्यांनी ताट ह्यांच्यापुढे धरलं. ह्यांनी हात जोडले आणि मागे गाडी पुसत उभ्या असलेल्या धनसिंगला हाक मारली.

"याले द्या. नवरी यानी आणी."

त्यानंतर ह्यांनी गाडीची चावी हातात घेतली नाही. कोणी विचारलं तर म्हणायचे, साखर शे ना. पुढच्या वर्षीच्या श्रावणात गेले, दुपारी, झोपेत.

धनसिंगने आता स्वतःची गाडी घेतली आहे. तो लग्नाच्या वर्द्या घेतो, नवऱ्या सासरी नेतो. त्या दिवशीची टोपी त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या खणात ठेवली आहे, घालत नाही. गिरणा ओलांडेपर्यंत तोही ब्रेक लावत नाही म्हणे. हितेंद्रचं बरं चाललं आहे. मोहिनी अजूनही कोणाकोणाला सांगते, त्या दिवशी आबांची साखर नेमकी पारोळ्याला वाढली, नाहीतर आम्हाला खोटं बोलावं लागलं असतं. मृणाली, जावई आणि मी, आम्ही तिघं ते ऐकून घेतो.

मृणाली गाडी शिकली. यंदा तिच्या वडिलांनी दुसरी गाडी घेतली तेव्हा ही जुनी गाडी तिने धुळ्याला नेली. माहेरी येते ती एकटी हाकत येते, आणि मला दोंडाईच्याला माझ्या भावाकडे सोडते.

मी पुढे बसते. ती गाडी सुरू करते. पडद्यावर ओळ येते: पितांबरचा फोन शोधत आहे. तो फोन माझ्या कपाटात आहे, साड्यांखाली, बंद. ती ओळ काढून टाकता येते, मला जावयांनी सांगितलं आहे. मृणाली काढत नाही. दोन्ही हात स्टीयरिंगवर ठेवून ती पडद्याकडे बघत बसते. गाडी शोध शोध शोधते, मग ओळ आपोआप जाते.

त्यानंतर ती गाडी हलवते.