लिंबू ओढणारी जिप्सी

जंगलाकाठच्या सेमाडोहात सकाळी आठ वाजता शंभरेक माणसं एका जिप्सीच्या उघड्या बॉनेटभोवती उभी राहून एका लिंबाकडे टक लावून पाहत होती. लिंबू फुंकरनाथ बाबांच्या हातात होतं. बाबांनी डोळे मिटले, ओठ हलवले, लिंबू थरथरत्या इंजिनावर नेलं आणि हात सोडला. लिंबू पडलं नाही. एका काळ्या नळीच्या तोंडाला 'चप' करून चिकटलं, आणि इंजिनातून येणारा सूंसूं आवाज जागच्या जागी बंद झाला. सुरू केल्यापासून हिवताप भरल्यासारखी हलणारी गाडी एकदम शांत चालू लागली.

"घेतलं," बाबा म्हणाले. "मायबापहो, पिशाचानं लिंबू घेतलं. आता याचा श्वास माह्या मुठीत हाये."

गाडीमालकीण माणिकबाईंनी पुढे होऊन टायरला कुंकू लावलं. लोकांनी हात जोडले. दामिनीने मात्र जोडले नाहीत. ती स्टिअरिंगकडे पाहत होती, कारण आठ दिवसांपूर्वीपर्यंत ते तिच्या हातात होतं.

अमरावतीच्या आयटीआयमधून मोटार मेकॅनिक होऊन आलेली दामिनी दोन वर्षं खुशालरावांच्या या जिप्सीवर सफारीची ड्रायव्हर होती. त्या गेटवर दुसरी बाई ड्रायव्हर नव्हती, आणि हे पद तिने काही फुकट मिळवलेलं नव्हतं. मध्यंतरी जिप्सीच्या जुन्या इंजिनाने राम म्हटला. खुशालरावांनी किशोर मिस्त्रीकडून त्या जागी कार्बोरेटरवालं जुनं इंजिन बसवून घेतलं. इंजिनाबरोबर नळ्यांचं जाळं आलं होतं. काही नळ्या धुरासाठी, काही पेट्रोलची वाफ धरण्यासाठी, काही हवा ओढण्यासाठी. 'जितकं कमी तितकं बरं' हे किशोरचं तत्त्वज्ञान. त्याने पिशवीभर नळ्या काढल्या आणि गाडी हलकी झाल्याचं जाहीर केलं.

गाडी पळायलाही लागली. फक्त गावाबाहेर वाघामाईचा ओटा, म्हणजे देवीचं ठाणं, आला की बंद पडायची. रोज पडायची, आणि नेमकी तिथंच.

खुशालरावांचा साळा श्याम याचा त्या स्टिअरिंगवर फार दिवसांपासून डोळा. बाबांना घेऊन आला तोच. बाबांनी निदान केलं: इंजिन अपघातात मेलेल्या माणसाच्या गाडीतलं आहे, त्याचा जीव त्यात अडकलाय, आणि त्याला बाईचा हात खपत नाही. पुरावाही दिला. दामिनी बसली की गाडी बंद, श्याम बसला की चालू. तीनदा करून दाखवलं, दरवेळी स्वतः लिंबू घेऊन उघड्या बॉनेटशी उभं राहून. किशोर मिस्त्रीने सगळ्यांआधी मान डोलावली. भूत निघालं तर चूक मिस्त्रीची ठरत नव्हती, आणि एवढं सोयीचं भूत कोण सोडतो?

खरं सांगायचं तर दामिनीही डळमळली होती. शिकलेली पोरगी, पण सगळं गाव एका सुरात बोलायला लागलं की स्वतःच्या शिक्षणाचाच संशय येतो. शेवटी तिने अमरावतीला आपल्या निवृत्त निदेशकांना, धर्मपाल सरांना फोन केला.

"सर, गाडीत भूत राहू शकते का?"

"राहू शकते. पण त्याची पीयूसी काढली का इचार," सर म्हणाले. "उद्या येतो. तोपर्यंत कोणाले हात लावू देऊ नको."

हात लावू न देणं दामिनीच्या हातात नव्हतं. म्हणून सर एसटीतून उतरले ते थेट या गर्दीतच. चष्मा पुसत त्यांनी लिंबू बराच वेळ न्याहाळलं.

"महाराज, हे पिशाच लिंबूच खाते का फक्त?"

"शंकेखोराले जीभ झडते," बाबा म्हणाले.

"माही जुनी झाली, झडली तं झडली." सरांनी पिशवीतून डबा काढला, डब्यातून उकडलेला आलू काढला, लिंबू बाजूला करून तो नळीला लावला. चप. आलूही चिकटला, गाडी तशीच शांत. मग त्यांनी श्यामच्या खिशातून डोकावणारी खर्र्याची, तंबाखू-सुपारीची पन्नी मागून घेतली. तीही नळीने ओढून धरली.

"व्यसनी दिसते," सर म्हणाले. मागून कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

सरांनी पन्नी काढली. सूंसूं सुरू झालं, गाडी हलायला लागली. "श्याम, बस आता. तू तं बाप्या माणूस हायेस."

श्याम बसला. गाडी दोन हिसके देऊन बंद पडली. श्यामचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. मग सरांनी खिशातलं रबरी टोपण नळीच्या तोंडावर घट्ट बसवलं आणि दामिनीला बसायला सांगितलं. गाडी चालूच राहिली.

"म्हंजे श्याम बसला का लिंबू लावाले अन् दामिनी बसली का काढाले बॉनेटखाली हात कोणाचा होता, ते तिन्ही वेळा कोणी पाह्यलं नाही," सर म्हणाले. मग पुढ्यात उभ्या गावकऱ्याला, नत्थुजींना, विचारलं, "भाऊ, उसाचा रस पिता का?"

"पितो ना."

"नळीले मधात भोक असलं तं?"

"हवाच येते तोंडात," नत्थुजी म्हणाले.

"इंजिनाचंही तसंच. ते हवा ओढते, संगं पेट्रोल घेते. इथं भोक उघडं राह्यलं, फालतू हवा घुसली, पेट्रोल कमी पडलं. पाय दाबून चालवलं तं निभते. पाय काढला का घडीभर थरथरते अन् मरते."

"पण ओट्याजवळच काहून मरे?" खुशालरावांनी विचारलं.

सरांनी दामिनीकडे पाहिलं.

"दुसरीकडं थांबलो का आमी किल्लीच बंद करतो," ती सावकाश म्हणाली. "जंगलात इंजिन चालू ठेवून उभं राहाचं नाही, नियम हाये. ओट्याजवळ मी थांबत नाही. नुसता पाय काढतो अन् हात जोडतो." बोलता बोलता तिचा आवाज चढला. "समदे ड्रायव्हर तसंच करतेत, काका. मी हात जोडत होती, म्हणून गाडी मरत होती."

किशोर मिस्त्री पायाने माती उकरत होता. "सर, जी नळी समजली नाही ती काढली," तो म्हणाला. "तिसऱ्या दिवशी आवाज ध्यानात आला होता. पण मंग बाबा आले."

"काढणं गुन्हा नाही. तोंड उघडं सोडणं गुन्हा. अन् धूर फिरून इंजिनात नेणारी नळी, वाफ धरणारा डबा, हे काढाचंच नाही. वाघानं काय पाप केलं पेट्रोल हुंगाले? आण ती पिशवी."

बाबा निघायच्या तयारीत होते. सरांनी हाक मारली, "महाराज, पंधरा नळ्यांतून बरोब्बर तीच वळखली. आधी काय काम करत होते?"

"ट्रकवर होतो, बारा वर्स," बाबांच्या तोंडून निसटलं.

"मंग गॅरेज टाका. बरकत येईल."

दुपारपर्यंत किशोरने सरांच्या देखरेखीखाली हव्या त्या नळ्या परत जोडल्या आणि बाकीच्यांची तोंडं बंद केली. खुशालरावांनी किल्ली दामिनीपुढे धरली. "पोरी, मनात ठेवू नको. आमाले म्हैत नव्हतं."

तिने किल्ली लगेच घेतली नाही. आठ दिवस गिळलेलं बाहेर यायचंच होतं.

"काका, म्हैत नव्हतं ते ठीक हाये. पण बॉनेट आठ दिवस उघडंच होतं. शंभर माणसाईनं लिंबू पाह्यलं. ही नळी कुठून येते, एवढं एकानंही इचारलं नाही. माहा हात वाईट हाये, हे मात्र समद्याईले लगेच पटलं."

खुशालरावांनी मान खाली घातली. दामिनीने किल्ली घेतली, सरांना शेजारी बसवलं आणि गाडी काढली. ओट्याजवळ तिने नेहमीसारखा पाय काढला, हात जोडले. इंजिन एका सुरात चालत राहिलं.

हात जोडायला कोणाची ना नाही. पण माणसावर ठपका ठेवण्याआधी वाकून, डोळे उघडे ठेवून, नळी कुठून निघते आणि कुठे जाते ते पाहून घ्यावं. त्याला ना मंत्र लागतो, ना लिंबू. आणि बाबांची उरलेली पाच लिंबं? ती माणिकबाईंनी दुसऱ्या दिवशी पोह्यांवर पिळली. चांगली रसदार निघाली.