घरीच ठेवणार की नेणार?

कार्तिकेयनं लॅपटॉप उलटा करून त्याच्या पोटाकडच्या जाळीवर बोट फिरवलं, मग सरळ करून दोन्ही हातांनी उचलून पाहिला. वजन मनगटांत उतरलं. काउंटरवर शेजारीच दुसरा उघडून ठेवलेला होता. तो मघाशी त्यानं एका हातानं सहज उचलला होता.

"हा फोर्टी-सिक्स्टीचा," रम्या कन्नडमध्ये म्हणाली. "ग्राफिक्स कार्ड आठ जीबीचं. तो हलका आहे तो थर्टी-फिफ्टी, सहा जीबी. हा मागच्या वर्षीचं मॉडेल म्हणून सवलतीत आलाय, नाहीतर तुमच्या बजेटमध्ये बसला नसता."

देवराज मोहल्ल्यातलं हे दुकान आईनं सुचवलं होतं. रम्या तिच्या हाताखाली शिकलेली. अजूनही ती तिला 'मिस' म्हणे. आई, म्हणजे तुंगाबाई, काउंटरपाशी स्टुलावर बसली होती. तीस वर्षं शाळेत कन्नड शिकवून गेल्या वर्षीच ती निवृत्त झाली होती, पण बसण्यात अजून वर्गावरचा ताठपणा होता.

रम्यानं दोन्हीवर एकच गेम लावून दिला. जंगलातून जाणारा रस्ता, दुतर्फा झाडं. हलक्या लॅपटॉपवर गाडी वळली की झाडांना पानं जराशी उशिरा फुटत. जड लॅपटॉपवर सगळं जागच्या जागी होतं. ओल्या रस्त्यावर दिव्यांची प्रतिबिंबंसुद्धा हलत होती. कार्तिकेय वाकून बघत राहिला. घरी ऑफिसच्या जुन्या लॅपटॉपवर गेम उघडतच नसे. बंगळूर, पुणे, कुठं कुठं पांगलेले कॉलेजातले मित्र संध्याकाळी एकत्र खेळत, आणि हा नुसता त्यांचे आवाज ऐकत बसे.

"आता हे बघा," असं म्हणून रम्यानं जड लॅपटॉपची वायर काढली.

पंख्याची घरघर खाली आली, आणि जंगलातली गाडी आचके देऊ लागली.

"वायर लावली तरच याची ताकद. बॅटरीवर एवढं कार्ड चालत नाही. आणि हा चार्जर बघा." तिनं विटेएवढा काळा ठोकळा काउंटरवर ठेवला. "बॅगेत घालून रोज हिंडायचं असेल तर जड जाईल."

"नंतर कार्ड बदलून मिळतं का गं?" आईनं विचारलं.

"नाही मिस. मोठ्या कॉम्प्युटरात बदलता येतं. लॅपटॉपात आतच चिकटवलेलं असतं. एकदा घेतलं की तेच." रम्या कार्तिकेयकडे वळली. "म्हणून विचारते. हा घरीच राहणार, की न्यावा लागणार?"

"घरीच," कार्तिकेय म्हणाला.

"नेणार आहे तो," त्याच क्षणी आई म्हणाली.

रम्या हसली, मग दोघांचे चेहरे बघून थांबली. कार्तिकेयनं आईकडे पाहिलं. ती चार्जरच्या वायरीची गुंडाळी सोडवून पुन्हा नीट गुंडाळत होती.

"कुठं नेणार आहे मी?"

"बंगळूरला. आणखी कुठं?"

"आई, काहीतरीच काय बोलतेस."

तो परत पडद्याकडे वळला. कान गरम झाले होते. बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा तो बंगळूरची खोली सोडून दोन महिन्यांसाठी म्हणून म्हैसूरला आला होता. बाबा दीड वर्ष अंथरुणावर होते. ते गेल्यालाही आता दीड वर्ष होत आलं. त्याचं काम घरूनच चालू होतं. न्हाणीघराशेजारची खोली, खिडकीतून दिसणारी शेजारच्यांची पाण्याची टाकी, सकाळी आईनं दाराबाहेरून विचारलेलं 'कॉफी आणू?'. कधीकधी कॉलवर बोलता बोलता तो उठून दार उघडून उभा राहायचा, जणू हवा कमी पडत होती. आईचं कुणी नाही म्हणून, नाहीतर मी केव्हाच गेलो असतो, असं तो मित्रांना सांगायचा. स्वतःलाही सांगायचा. आज कुणीतरी ते दार बाहेरून सताड उघडलं होतं, आणि त्याच्या तोंडून शब्द निघाला होता, घरीच.

"हाच द्या," तो जड लॅपटॉपवर हात ठेवून म्हणाला. "फोर्टी-सिक्स्टी."

गुंडाळलेली वायर आईनं रम्याच्या हातात दिली.

रिक्षात खोकं त्याच्या मांडीवर होतं. आई बाहेर बघत होती. सरस्वतीपुरमच्या वळणावर ती म्हणाली,

"साकेत आला होता मागच्या आठवड्यात. तू बँकेत गेला होतास तेव्हा."

"सांगितलं नाहीस."

"त्यानं विचारलं, मावशी, आता चालता येतंय ना तुम्हाला?" ती अजून बाहेरच बघत होती. "मी म्हटलं, अय्यो, मला काय झालंय? सकाळी तीन किलोमीटर चालून येते की. मग बिचारा गप्प झाला. कॉफी अर्धी टाकून गेला."

कार्तिकेयनं खोक्याच्या कडा घट्ट धरल्या. साकेत त्याच्याच ऑफिसात होता. सगळ्यांना ऑफिसात परत बोलावल्याची मेल आली तेव्हा साहेबांना कार्तिकेयनं कळवलं होतं, आईला उठता-बसता येत नाही, घरात दुसरं कुणी नाही. लिहिताना त्यानं बाबांचंच सगळं आठवून लिहिलं होतं, त्यामुळे ते खरं वाटलं होतं. साहेबांनी काळजी घ्या म्हणून उत्तर पाठवलं होतं.

"रागावलीस?"

"सावकाश रे, भाऊ, पुढं खड्डा आहे," आई रिक्षावाल्याला कन्नडमध्ये म्हणाली.

घरी आल्यावर तिनं बाबांचं टेबल पुसून दिलं. त्यावरच्या औषधांच्या रिकाम्या डब्या काढल्या. ते टेबल प्लगपाशी होतं, म्हणून. मग ती स्वयंपाकघरात गेली. कुकर लावल्याचा आवाज आला, पाठोपाठ फोनवरचं तिचं बोलणं.

कार्तिकेयनं खोकं टेबलावर ठेवलं आणि कात्री घेतली. चिकटपट्टीखाली तिचं टोक घातलं.

"नाही गं नमिता," आई आत म्हणत होती. "यंदा पण नाही जमायचं... नको, नको, खोली माझ्यासाठी अडवून ठेवू नकोस. दुसरं कुणीतरी बघ... तब्येत छान आहे गं. कार्तिक घरीच आहे ना. त्याला टाकून कशी येऊ? ...इरली बिडे. असू दे."

त्याचा हात थांबला. नमितामावशी आईच्या शाळेतली. निवृत्त झाल्यावर बैलकुप्प्याच्या तिबेटी वसाहतीत तिथल्या मुलांच्या कुठल्याशा शाळेत शिकवायला गेली होती, एवढं त्याला माहीत होतं.

तो कात्री हातात घेऊनच स्वयंपाकघराच्या दारात आला. आई कोथिंबीर निवडत होती.

"कसली खोली?"

"काही नाही रे."

"आई."

तिनं काड्या बाजूला केल्या. "त्यांच्या शाळेत कन्नड शिकवायला माणूस नाही. पोरं तिबेटी बोलतात, इंग्रजी बोलतात, बाहेर दुकानात गेली की मुकी. नमिता म्हणाली, तू ये. राहायला खोली देतात. मागं मक्याची शेतं आहेत म्हणे." जरा थांबून ती म्हणाली, "मी एकदा बघून आले. जूनमध्ये सांगितलं होतं ना, तिच्याकडं जेवायला जाते म्हणून? तेव्हा. एक तास घेतला. वर्गातून सोडेचनात मला."

सांगताना तिचा चेहरा उजळला होता. असा चेहरा त्यानं किती दिवसांत पाहिला नव्हता, आणि पाहिला नव्हता हेही त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"'यंदा पण' म्हणालीस."

"गेल्या वर्षी मी निवृत्त झाले तेव्हाच बोलावलं होतं तिनं."

"मग गेली का नाहीस? मला बोललीसुद्धा नाहीस."

"काय बोलू?" आईचा आवाज चढला नाही. "आईसाठी राहिलोय, आईसाठी राहिलोय, सगळ्या गावाला सांगत होतास. बाबांचं सगळं तू केलंस. अंघोळ, औषधं, सगळं. असा मुलगा माझ्यासाठी घरात बसलाय, आणि मी पिशवी उचलून कशी चालू लागू? वाटलं, तू जाशील, मग मी जाईन. वाट बघत होते." तिनं कोथिंबिरीची जुडी झटकली. "तू जाईनास."

कुकरची शिट्टी झाली.

"मला भीती वाटते," कार्तिकेय म्हणाला. आपण हे मोठ्यानं बोललो हे त्याला जरा उशिरा कळलं. "तिथं खोलीवर एकटं... परत सगळं पहिल्यापासून. मला जमेल असं वाटत नाही."

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"आज दुकानात कळलं. घरीच म्हणालास ना, तेव्हा." तिनं त्याच्या हातातली कात्री काढून घेतली आणि ओट्यावर ठेवली. "मला नाही वाटत होय रे भीती? साठीच्या घरात परक्या गावात जायचं. ते लोक लोणी घातलेला खारट चहा पितात म्हणे."

तो हसला नाही, पण त्याचे खांदे जरा खाली आले. तो दाराच्या चौकटीला टेकला.

"नमितामावशीला परत फोन लाव," तो म्हणाला. "येते म्हणून सांग."

आईनं फोनकडे पाहिलं. तो ओट्यावरच, डब्यांच्या मधे पडला होता. तिनं हात पुसले, पण फोन उचलला नाही.

"आधी तू तुझ्या साहेबांना लाव," ती म्हणाली.

बाहेरच्या खोलीत खोकं टेबलावर होतं, चिकटपट्टी एका कोपऱ्यात उचकटलेली. कार्तिकेय त्याच्यापाशी उभा राहिला. शनिवार होता; साहेब फोन घेतील की नाही कोण जाणे. न घेतला तर बरं, असंही मनात येऊन गेलं. त्यानं नाव शोधलं, विजयेंद्र सर, आणि अंगठा तसाच वर धरला. मग लावला.

पलीकडे रिंग वाजत राहिली. स्वयंपाकघरात आईनं कुकरखालचा गॅस बंद केला. घर एकदम शांत झालं.

"सर, कार्तिकेय बोलतोय," तो म्हणाला. "हो, म्हैसूरहून. आईबद्दल बोलायचं होतं." "नाही सर, काही झालेलं नाही. आई बरी आहे. ती पहिल्यापासूनच बरी आहे."