हनुवटी वर करून

माझा स्वभाव तापट, हे आधीच सांगते. एकदा विचारीन, दोनदा विचारीन, तिसऱ्यांदा डोकं फिरतं.

त्र्याहत्तर साली आमचे हे रजेवर भिवंडीला आले होते. जहाजावर इंजिनात काम. लग्नाला अकरा वर्षं, त्यातली घरात काढलेली जेमतेम दीड. शेवटची चार वर्षं ग्रीक लोकांच्या जहाजावर होते. रजा संपत आली आणि एजंटचं पत्र आलं, शनिवारी मुंबईला हजर व्हा. त्यांनी जाऊ नये, असं मला वाटत होतं. पण मी कशाला सांगू? त्यांनी आपणहून राहायला हवं होतं.

गुरुवारी जेवताना विचारलं, "परत जाणार?"

ह्यांनी भुवया वर केल्या, हनुवटी उचलली. म्हणजे, काय म्हणालीस? शेजारच्या कारखान्यात कापडाचे लूम खडखडत होते, म्हटलं ऐकू आलं नसेल. ओरडून विचारलं. परत तेच. तिसऱ्यांदा विचारलं तर हनुवटी पार छताकडे, आणि भाकरी चावणं चालूच!

अस्सं! बायको घसा फोडतेय आणि साहेब बहिऱ्याचं सोंग घेताहेत. मी उठले, पेटी ओढली, धडाधड कपडे भरले. "घ्या. जा एकदाचे!"

ह्यांचा हात ताटातच राहिला. मग ताट सारून भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मला वाटलं, चोरी पकडली म्हणून तोंड लपवताहेत.

सकाळी अंजूरची ठकुबाई दूध घालायला आली. दारातली पेटी बघून म्हणाली, "गुलामभाऊ, चाललास? उद्यापासून दूध अर्धं करू?"

ह्यांनी हनुवटी उचलली.

"अरं, काय काय करतोस? दूध अर्धं करू का?"

"नाही म्हणतोय ना!" हे एकदम ओरडले. "कालपासून नाहीच म्हणतोय. हिला तीनदा सांगितलं, नाही जात. तर हिने पेटी भरली!"

"ह्याला न्हाय म्हनतात?" ठकुबाई बघतच राहिली.

"इंजिनाजवळ काही ऐकू येत नाही. ग्रीक लोक 'नाही' असंच सांगतात. सवय लागली."

माणूस तीनदा राहतो म्हणाला आणि मी त्याला घालवायला निघाले होते. बायकोला आपण नकोसे झालो, असं मनात धरून रात्रभर पडून होते बिचारे.

"अहो, मग तोंडाने सांगायला काय झालं होतं?" मी रडत रडतच भांडले.

"तोंडात भाकरी होती."

ठकुबाई हसत पूर्ण माप ओतून गेली. मी पेटी उपसली आणि त्यांच्यासमोर बसले. "परत जाणार?"

हनुवटी वर निघालीच होती, मी हाताने धरली. "इथल्यासारखं सांगा."

त्यांनी मान आडवी हलवली.

"ऐकू नाही आलं," मी म्हटलं.

शुक्रवार होता, लूमना सुट्टी. सगळीकडे शांत होतं. त्यांनी मान परत हलवली.