रेघेच्या पोटातली शाळा

कल्पना करा, तुमच्या न्हाणीघरातल्या टबात एक बदक राहतंय, आणि आईने बजावलंय की रविवारनंतर एक तर बदक राहील, नाहीतर घरातल्यांच्या आंघोळी.

पिटुकलीच्या घरी अगदी असंच झालं होतं. शेवटी शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी मैदानात छोटं तळं खोदायला परवानगी दिली. अट एकच, खोदायचं ते चिकणमातीतच. वाळूच्या दगडात पाणी झिरपून जातं.

कुठे काय आहे ते मावशीच्या नकाशात होतं. जमिनीखाली कोणता खडक आहे याचे नकाशे करणं हेच मावशीचं काम. चिकणमाती हिरवी, वाळूचा दगड पिवळा, मधे काळी रेघ. शाळा काही त्यात दिसेना, म्हणून पिटुकलीने दुकानातून नकाशाची दहापट मोठी झेरॉक्स काढून आणली. आता रेघ करंगळीच्या नखाएवढी रुंद झाली आणि शाळा, मैदान, घंटा, सगळं तिच्या पोटात गेलं.

“मावशी, आमच्या शाळेखाली काळा खडक आहे का गं?”

“नाही गं बाई. तुमच्या शाळेखाली माझ्या पेनाचं टोक आहे.”

मग मावशीने समजावलं. तिच्या नकाशात एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे पन्नास मीटर. अर्ध्या मिलिमीटरची बारीक रेघ ओढली, तरी तिच्याखाली पंचवीस मीटर जमीन झाकली जाते. शिवाय हिरव्या-पिवळ्यामधली ती हद्द तिने दोनच ठिकाणी डोळ्यांनी पाहिली होती. मधली उताराच्या अंदाजाने जोडली होती. झेरॉक्सने कागद मोठा झाला, माहिती होती तेवढीच राहिली. अंदाजातली चूक तेवढी दहापट फुगली.

पिटुकलीचं तोंडही फुगलं. मग असला चुकीचा नकाशा काढलाच कशाला, असं तिने विचारलं.

“डोंगरापासून नदीपर्यंतचं सांगायला तो बरोबर आहे,” मावशी म्हणाली. “बदकाच्या मापाचा नकाशा अजून कुणी काढलेला नाही.”

पिटुकली चौकटीची वही, खुरपं, बादली आणि मग घेऊन मैदानात गेली. एक पाऊल म्हणजे वहीतला एक चौकोन. दर तीन पावलांवर ती वीतभर खड्डा करी, त्यात मगभर पाणी ओती आणि शंभरपर्यंत आकडे मोजी. पहिल्या खड्ड्याने विसाच्या आतच पाणी गट्ट केलं. पुढचे पाचही तसेच तहानलेले निघाले. सातव्यात मात्र शंभर झाले तरी पाणी ढिम्म हललं नाही.

तिने तो चौकोन हिरवा रंगवला आणि बदकाला काखोटीला मारून आणायला घराकडे धूम ठोकली.