टाचण्यांचा चुंबक

भिंगरीचं रक्त काही केल्या वाढेना. आतड्याला कायमची सूज असलेली सहा वर्षांची पोर. तीन महिने लोह घातलेलं पीठ दुधात कालवून खात होती, आणि रिपोर्टात आकडा जिथल्या तिथे! तिच्या आईच्या डोक्यात किडा वळवळला. पीठ पोरीच्या पोटात जातंय तरी का?

दुपारी घरी येऊन भरवायची कोण, तर आत्या. आईची नणंद. "डब्यातल्या पिठात कसलं आलंय पोषण!" म्हणून पहिल्याच दिवशी नाक मुरडलेली. शिवणकामाच्या कारखान्यात कॉलर जोडताना आईच्या मनात एकच, वन्सं पीठ मोरीत ओतत असणार. तिने पत्र्याच्या डब्यात आतून पेन्सिलीने खूण केली. पीठ रोज बरोबर दोन चमचे उतरत होतं. पण संशय एकदा मानगुटीवर बसला की उतरतो थोडाच! डब्यातून गेलं म्हणजे पोटातच गेलं कशावरून?

डॉक्टरांना विचारावं, एवढं साधं सुचलं नाही बघा. सुचलं काय, तर कारखान्यात सांडलेल्या टाचण्या उचलायचा चुंबक! असल्या पिठात लोखंडाची बारीक पूड असते, हे शेजारच्या मशीनवालीने सांगितलेलं. एके दिवशी आई अर्ध्या दिवसाची रजा टाकून, न सांगता घरी आली. भिंगरीची उरलेली वाटी ओट्यावर होती. तिने त्यात पाणी ओतलं, चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ढवळला. बाहेर काढला तर पिशवीला काळे बारीक कण चिकटलेले. म्हणजे पीठ मोरीत नाही, पोरीच्या वाटीतच जात होतं.

मागे वन्सं उभ्या होत्या. कधीपासून, देव जाणे.

मग रक्त का वाढत नाही, हे विचारायला संध्याकाळी दोघी पोरीला घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर म्हणाले, "भरवण्यात काही चूक नाही. आत सूज असली की खाल्लेलं लोह शरीर फारसं घेतच नाही. आधी सूज उतरवू, मग लोह शिरेतून देऊ."

आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरात पाऊल टाकताच ती म्हणाली, "वन्सं, चुकलं माझं."

"मला विचारायचंस ना गं."

"विचारलं असतं तरी खरं वाटलं नसतं."

वन्संच्या डोळ्यांत पाणी आलं. "पोट दुखतं म्हणून तोंड फिरवते गं ती. एका वाटीला तासतास बसते मी."

त्यांनी ओट्यावरचा चुंबक उचलला आणि पिठाच्या डब्याला चिकटवला.

"राहू दे इथेच. पुन्हा शंका आली तर शोधायला नको," त्या चपला घालत म्हणाल्या. "उद्या नेहमीच्या वेळेला येते."