रक्त द्यायला आलेले

बाकावर सहा जण, जिन्यावर चार, खाली रिक्षाला टेकून एक. अकराही जण बुद्धभूषणच्या कॉलनीतले, त्याला रक्त द्यायला आलेले. अंबडच्या कारखान्यातली सकाळची पाळी बुडवून.

"माझं घ्या ताई, एकदम गरम रक्त आहे," सोमा म्हणाला.

"त्याचं नका घेऊ, नुसती तर्री निघेल!"

सगळे हसले. लॅबच्या दारात उभ्या असलेल्या वेदिकाला हसता येईना. काल मशीनने बुद्धभूषणच्या प्लेटलेट एक लाख अडुसष्ट हजार दाखवल्या होत्या, दीड लाखाच्या वर, म्हणजे ठीक. साधा ताप, घरी गोळ्यांनी उतरला असता. पण दाखल झाल्याशिवाय त्याची पॉलिसी रुपया देत नव्हती. नुसतं तपासून दवाखान्याचे मालक डॉ. शेखर यांना तीनशे मिळाले असते, तीन दिवस दाखल करून चाळीस हजार.

"पहिला आकडा खोड फक्त," ते म्हणाले होते. "त्याच्या खिशातून काही जात नाही."

वेदिकाने रिपोर्टवर अडुसष्ट हजार टाकले होते.

बुद्धभूषणची आई, लताबाई, जवळ आली. "ताई, अजून उतरल्या का हो? पोरगा रात्रभर भिंतीकडं तोंड करून पडलाय. मरतो म्हणतो."

वेदिका तशीच डॉक्टरांच्या खोलीत गेली. "सर, त्याला घरी सोडा. लोक रक्त द्यायला आलेत."

"बरंच झालं. एक पिशवी चढवून टाकू, फाइल पक्की होईल."

"गरज नसताना?"

"क्लेम फेटाळला तर बिल त्या म्हातारीच्या बोकांडी बसेल. तू भरणारेस? जा, दोघांना रक्तपेढीत पाठव."

तिने कोणालाच पाठवलं नाही. सुई घेऊन ती वॉर्डात गेली. बुद्धभूषणने डोळे मिटून हात पुढे केला.

"कालचा आकडा खोटा होता," ती म्हणाली. "मी टाकला होता."

"चुकून झालं असंल," लताबाई म्हणाली.

"नाही."

दारात आलेल्या सोमाने तिच्याकडे पाहिलं आणि मान वळवली. त्यानंतर तिला कोणी ताई म्हटलं नाही. त्याचं रक्त छोट्या नळीत काढून ती लॅबकडे निघाली, तेव्हा सगळे मागोमाग आले आणि मशीनभोवती उभे राहिले. तिने नमुना नीट हलवून मशीनला लावला. कागद बाहेर आला, तो तिने डॉक्टरांकडे न नेता लताबाईच्या हातात दिला.

प्लेटलेट: एक लाख एकाहत्तर हजार.