साडेबाराला मान टाकणारी रेषा

प्रयोगशाळेत तिला सगळे मिनिटकाटा म्हणत. क्रोमिक आम्लाने अल्कोहोलचं ऑक्सिडीकरण किती वेगाने होतं, हे ती मोजत असे. नारिंगी रंग हिरवा होत जाई आणि ती मिनिटामिनिटाला आकडा टिपत बसे. आलेखाची रेषा सरळ यायला हवी होती, पण रोज साडेबाराला ती मान टाकायची.

"हात थरथरतो तुझा," सर म्हणाले. "रेषा सरळ कर, मग प्रबंधावर सही घे."

दुसऱ्या दिवशी साडेबाराला तिने गरम पाण्याच्या टाकीत डोकावून पाहिलं. तिच्या नळ्यांशेजारी सरांचा फ्रिजमधला गारढोण डबा शेक घेत बसला होता. पाणी तीन अंशांनी उतरलं होतं. मग अभिक्रिया तरी कशाला धावेल?

तिने एक दिवस डबा हळूच खिडकीत ठेवला आणि सरांपुढे दोन आलेख मांडले : 'डबा आत' आणि 'डबा बाहेर'. दुसरा ताणलेल्या दोरीसारखा सरळ होता.

सरांनी बराच वेळ चष्मा पुसला आणि सही केली.

"हे प्रबंधात घालू नकोस."

"छे, सर. शेवटी डब्याचे आभार तेवढे मानते."

"डबा मीच भरतो," सर म्हणाले. "मानायचेत तर सरळ माझेच मान."